तारा आधी ट्रकवर आला

शेवगाव तालुक्याला रेल्वे नाही. इथला कापूस जिनिंगपर्यंत, ऊस कारखान्यापर्यंत आणि कांदा बाजार समितीपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यानेच गेला आहे. माणसंही रस्त्यानेच गेली. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला आली, पण ती बेडफर्डची होती. तीन कोनांचा तारा मिरवणाऱ्या जर्मन कंपनीची ओळख अशा तालुक्याला झाली ती पुढच्या दशकात, आणि ती मोटारीमुळे नव्हे तर ट्रकमुळे. परदेशी मोटारींची आयात त्या काळात जवळजवळ बंदच होती, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता. आज मर्सिडीज म्हटलं की काळी काच, पुढाऱ्यांचा ताफा आणि बिल्डरचं लग्न डोळ्यांसमोर येतं. तरीही माझं म्हणणं असं की महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या कंपनीची पत चैनीच्या गाडीने कमावलेलीच नाही. ती ओझ्याच्या गाडीने कमावली, आणि आजची महागडी मोटार त्याच जुन्या नावलौकिकावर चालते आहे.

कंपनीचा मूळ इतिहास पाहिला तरी चैन त्यात उशिराच येते. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी तीन चाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण गाडी कुणी विकत घेईना. तेव्हा त्यांच्या पत्नी बर्था यांनी ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना गाडीत घातलं आणि मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या आपल्या माहेरी नेलं. वाटेत इंधन संपलं, ते वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले, त्यांना चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. साखळीसाठी लोहार शोधला. मोटारीच्या जगातला हा पहिला लांबचा प्रवास गावोगावच्या कारागिरांच्या हातांनी पार पडला. मोटारींच्या जाहिराती ही गोष्ट बाईंच्या धाडसासाठी सांगतात. मला त्यातला लोहार जास्त महत्त्वाचा वाटतो.

‘मर्सिडीज’ हे नाव त्यानंतर आलं. गॉटलीब डाइमलर यांच्या कंपनीच्या गाड्या श्रीमंतांना विकणारे एमिल येलिनेक यांनी आपल्या मुलीचं नाव गाडीला दिलं. ३५ अश्वशक्तीची ती गाडी १९००-०१ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी घडवली होती. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी आपली इंजिनं चालावीत, या महत्त्वाकांक्षेचं चिन्ह म्हणून तीन कोनांचा तारा १९०९ मध्ये नोंदवला गेला. १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ या दोन कंपन्या एक झाल्या. पुढे १९३६ मध्ये २६० डी ही डिझेलवर चालणारी मोटार त्यांनी बाजारात आणली, आणि मोठ्या प्रमाणावर बनलेल्या पहिल्या डिझेल मोटारींत तिची गणना होते. तिचे ठरलेले गिऱ्हाईक टॅक्सीवाले होते.

भारतात हे डिझेल आलं ते टाटांच्या हाताला धरून. रेल्वेची इंजिनं बनवण्यासाठी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ ट्रक तयार होऊ लागले. तोवर देशातल्या रस्त्यांवर पेट्रोलवर चालणारे अमेरिकी आणि इंग्रजी घराण्यातले ट्रक बरेच होते. पुढे नाक काढलेल्या या नव्या ट्रकमध्ये सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, आणि भाड्याने गाडी चालवणाऱ्या मालकाचा सगळा हिशेब इंधनाच्या खर्चावर उभा असतो. करार १९६९ मध्ये संपला, ट्रकच्या नाकावरचा तारा गेला आणि त्या जागी वर्तुळातलं ‘टी’ अक्षर बसलं. पण जर्मन पद्धत गेली नाही. ट्रकवरचा १२१० हा आकडा म्हणजे एकूण वजन बारा टन आणि ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास, हा नामकरणाचा हिशेब टेल्कोने पुढेही चालू ठेवला. १९८६ मध्ये टेल्कोने स्वतःच्या आराखड्यावर बनवलेली आणि आज प्रत्येक गावात दिसणारी ४०७ याच हिशेबातली आहे. रस्त्यावर ‘चारशेसात’ म्हणणाऱ्या माणसाला कंपनीचं गाव स्टुटगार्ट कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नाही, पण तिथली मोजणी त्याच्या तोंडात बसलेली आहे.

या करारातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र ट्रकमध्ये नव्हती. टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी १९६६ पासून पुण्यात पिंपरी-चिंचवडला जो कारखाना उभा केला, त्यात त्यांनी आधी टूलरूम आणि शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था पक्की केली. सुटे भाग बनवणारी यंत्रं आणि साचे आपल्याकडेच बनले पाहिजेत, नाहीतर करार संपला की परावलंबन पुन्हा सुरू, हे त्यांना कळलं होतं. नाशिकपासून नगरपर्यंत जे छोटे-मोठे कारखाने सुटे भाग पुरवू लागले, त्यांना टेल्कोसारख्या गिऱ्हाइकाच्या काटेकोर मापांनीच शिस्त लावली. अहमदनगरजवळच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळच्या, वाहननगरमध्ये संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, पिंपरीत टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, चाकणला आज डझनभर कारखाने. या पट्ट्यात मोटारीचं ज्ञान दाट झालं आहे, आणि शेवगावचा आयटीआय झालेला मुलगा काम शोधायला याच पट्ट्यात जातो.

आता तालुक्याकडे वळू. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्‌घाटन केलं. या धरणाच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा शेवगावच्या उत्तरेला भिडला, नदीकाठी ऊस वाढला, आणि शेजारच्या भेंड्यापासून बोधेगावपर्यंत साखर कारखाने उभे राहिले. दुसरीकडे पाथर्डी आणि शेवगावच्या कोरडवाहू भागातून ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी बाहेर पडू लागल्या. गळीत हंगामात ट्रकची किंमत कळते. तोडलेला ऊस जितका वेळ उन्हात राहतो तितकं त्याचं वजन आणि साखरेचा उतारा घटतो, आणि गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागलेली असते. अशा वेळी ट्रक फडातच बसला तर तोटा ट्रकमालकाचा, वाहतूक ठेकेदाराचा, टोळीचा आणि शेतकऱ्याचाही. क्षमतेपेक्षा जास्त मोळ्या भरलेला ट्रक कच्च्या रस्त्यावर निघाला की पाटे तुटणार, क्लचप्लेट जळणार, नोझल बिघडणार हे सगळे गृहीत धरतात. प्रश्न एवढाच असतो की तो किती तासांत पुन्हा उभा राहतो. टेल्कोच्या ट्रकने इथे जे नाव कमावलं ते कधीच न बिघडण्याचं नव्हे. मिस्त्रीला तो उघडता येत होता आणि त्याचा भाग नगरमध्ये मिळत होता, त्यातून ते नाव झालं. बर्था बेंझ यांच्या लोहाराला शेवगावच्या रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये परकं वाटलं नसतं.

कुणी म्हणेल, की हे श्रेय टाटांचं आहे, जर्मन कंपनीचं कसं? आणि ट्रकचा मोटारीशी काय संबंध? पहिला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. ट्रक भारतात बनला, भारतीयांनी सुधारला आणि १९६९ नंतर तर पूर्णपणे त्यांचाच झाला. पण पहिल्या पंधरा वर्षांत ट्रकवर जो तारा होता तो लोकांच्या डोळ्यांत बसला, आणि लोक चिन्ह इतक्या सहज विसरत नाहीत. दुसऱ्या आक्षेपाला मात्र इतिहास साथ देत नाही. डिझेल टॅक्सी हा या कंपनीच्या मोटारींचाही कणा होता. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाची १९७६ ची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. पश्चिम आशियात आणि आफ्रिकेत याच गाड्या भाड्याने दशकानुदशकं धावल्या. १९७८ मध्ये चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा आणि १९८० च्या अखेरीस एअरबॅग या कंपनीने आपल्या सर्वांत महागड्या गाड्यांत आणल्या हे खरं, पण गाडी टिकते हा लौकिक टॅक्सीनेच पसरवला. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली तीही टेल्कोला भागीदार घेऊन. १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्याच आवारात ई-क्लासची जुळणी सुरू झाली. तेव्हा टीका झाली, की युरोपात त्याच वर्षी नवं मॉडेल आलं आणि भारताला जुनं दिलं. टीका रास्त होती. मात्र जे जुनं मॉडेल आलं ते मजबुतीसाठी नावाजलेलं होतं. खप कमी झाला त्याचं मोठं कारण किंमत होती.

खरा कठीण आक्षेप वेगळा आहे. तो असा, की टिकाऊपणा, डिझेल, मिस्त्री ही सगळी भावुकता आहे. लोक मर्सिडीज घेतात ती केवळ दाखवायला. याचा सर्वांत मोठा पुरावा शेवगावच्या शेजारीच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक अशा लोकांनी एकत्र येऊन एका दमात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, साधारण ६५ कोटी रुपयांच्या. शहराचं नाव गुंतवणूकदारांच्या नकाशावर यावं हा हेतू उघडपणे सांगितला गेला. स्टेट बँकेने त्यातल्या मोठ्या हिश्शासाठी सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज दिलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा ‘द हिंदू’त लिहून विचारलं, की त्याच मराठवाड्यातला शेतकरी ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी चढं व्याज का भरतो. हा प्रश्न आजही अंगावर येतो, आणि त्याला बँकेच्या व्यवसायवाढीचं उत्तर पुरत नाही. ट्रॅक्टर आणि मोटार यांतली कोणती गाडी जास्त कमावून देते, हे बँकेला कळत नसेल असं नाही. ती तारणाची आणि ओळखीची किंमत लावत होती.

पण याच घटनेत आक्षेपाला उत्तरही आहे. २०१० मध्ये औरंगाबादच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ऑडीच्या मोटारींची जुळणी होत होती. म्हणजे आपल्याच गावात बनणारी तितकीच महाग जर्मन मोटार समोर होती. दिखावाच करायचा तर ती चालली असती. गावाच्या उद्योगाचं नाव करायचं तर ती अधिक शोभली असती. तरी दीडशे जणांनी बाहेरून येणारी मर्सिडीज निवडली. एकत्र खरेदीत मिळालेली सवलत हे त्याचं एक कारण असणारच. तरी सवलत कुठल्या कंपनीकडे मागायची हे आधी ठरतं. प्रतिष्ठा विकत घेणाऱ्यालाही ती अशाच नावाची हवी असते जे शेजाऱ्याला, मुनीमाला, ड्रायव्हरला आणि गावाकडच्या चुलत्याला न सांगता कळेल, आणि चुलत्याने तो तारा आधी ट्रकवर पाहिलेला असतो. संस्थानिकांची गोष्ट निराळी. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मायबाख मोटार निघते ती राजवैभव म्हणून. ती कंपनीही पुढे १९६० मध्ये डाइमलर-बेंझने घेतली. ते वैभव लोक पाहतात, त्यातून खरेदीचा निर्णय होत नाही.

पत म्हणजे सचोटी नव्हे, हेही इथे सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीने हिटलरच्या युद्धयंत्रणेसाठी काम केलं. कंपनीच्या स्वतःच्या नोंदींनुसार १९४४ मध्ये तिच्या सुमारे ६३ हजार कामगारांपैकी जवळजवळ निम्मे सक्तीचे मजूर, युद्धकैदी किंवा छळछावण्यांतले बंदी होते. २०२० मध्ये अमेरिकेत डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांतल्या लबाडीच्या आरोपांवर तिला सव्वादोन अब्ज डॉलरच्या घरातली तडजोड करावी लागली. ज्या डिझेलने नाव कमावलं त्यानेच ते डागाळलं. तारा विकत घेणाऱ्याने ही बाजू माहीत करून घ्यायला हरकत नाही.

आज चाकणला शंभर एकरांवर कंपनीचा स्वतःचा कारखाना आहे, २००९ पासून. २०२४ मध्ये भारतात तिच्या १९,५६५ मोटारी विकल्या गेल्या. देशातल्या एकूण मोटारींच्या खपात हा अर्धा टक्काही नाही. ईक्यूएस ही विजेवरची मोठी मोटार २०२२ पासून चाकणला जुळते. ट्रकचा व्यवसाय जर्मनीत डिसेंबर २०२१ मध्ये वेगळा काढला गेला आणि उरलेल्या कंपनीने २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझ हे नाव घेतलं. बाजाराच्या हिशेबाने ते शहाणपणाचं असेल. पण जिने पत कमावली ती बाजू आता घरात राहिली नाही, आणि नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की शेवगावच्या मिस्त्रीला प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. बिघाड कळायला कंपनीचं संगणकयंत्र लागतं, भाग कंपनीकडूनच यावा लागतो, आणि गाडी लोड करून मोठ्या शहरात न्यावी लागते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेती अवजारं आणि मोटारी दोन्ही तिच्या विषयांत होत्या. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात या कंपनीने मेकॅट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम चालवला आहे. तसलं शिक्षण आणि ती तपासणीयंत्रं नगर जिल्ह्याच्या आयटीआयपर्यंत यायला हवीत. तोवर शेवगावात बसून तारा घेऊ इच्छिणाऱ्याने शोरूममध्ये गाडीचा रंग ठरवण्याआधी एवढंच विचारावं: वॉरंटी संपल्यावर ही गाडी कोण उघडणार, आणि तो माणूस इथून किती किलोमीटरवर बसतो?