पिकअपला मोठे टायर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आपल्याकडे आली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. शेतावर जाणारे, घाटमाथ्यावर भटकणारे, डोंगरात काम असणारे लोक या गाड्या हौसेने घेतात. मग बहुतेकांचा पहिला मोठा खर्च टायरवर होतो. मूळचे टायर काढून त्याहून मोठे, जाड नक्षीचे टायर बसवले की गाडी कुठेही जाईल, असे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते. पाच टायरांचा खर्च लाखाच्या घरात जातो. शिवाय चुकीचे माप घेतले तर भर पावसात घाट उतरताना जिवाशी गाठ पडते. म्हणून या समजुती नीट तपासायला हव्यात.

आधी मापाचा हिशेब पाहू. हायलक्सच्या १७ इंची रिमवर २६५/६५ आर१७ हे माप येते. यात २६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १७ हा रिमचा व्यास इंचांत. गणित केले तर टायरची एकूण उंची सुमारे ७७६ मिमी भरते. २६५/७० आर१७ घेतला तर ती ८०३ मिमी होते आणि २८५/७० आर१७ घेतला तर ८३१ मिमी.

उंची ५५ मिमी वाढली म्हणजे गाडीही ५५ मिमी उचलली गेली, असा समज सर्रास आढळतो. धुरा चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे वाढ निम्मीच मिळते. ५५ मिमीच्या फरकातून गाडी जेमतेम २७ मिमी वर जाते, आणि एकच माप वाढवले तर १३ मिमी. एवढ्या उंचीसाठी काय काय मोजावे लागते ते पुढे येईलच.

लिफ्ट किटबद्दलही असाच एक गैरसमज आहे. किट बसवली की गाडीखालचे सगळे उंच होते, असे लोक धरून चालतात. या पिकअपांना मागे पाटे आणि अखंड धुरा असतो. किटने चेसिस वर जाते, हौदा वर जातो, पण धुऱ्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर गाडी अडकते ती बहुधा याच गोळ्यावर. तो उचलायचा उपाय मोठा टायर हाच. इतक्यापुरती मोठ्या टायरची बाजू खरी आहे आणि ती मान्य करायलाच हवी.

‘रुंद टायर म्हणजे जास्त पकड’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात टायरचा किती भाग जमिनीला टेकतो हे मुख्यतः चाकावरचे वजन आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरते. एका चाकावर साडेपाचशे किलो वजन आहे आणि हवा ३२ पीएसआय आहे असे धरा. हा दाब चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास होतो, म्हणजे टेकणारा भाग ढोबळमानाने २४५ चौरस सेंटिमीटर. तीच हवा १८ पीएसआयवर आणली की तो ४३० च्या पुढे जातो. टायरच्या भिंतीच्या ताठपणामुळे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण दिशा बदलत नाही. वाळूत रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी नवा टायर लागत नाही. हवा उतरवायला दाबमापक आणि परत भरायला छोटा कॉम्प्रेसर पुरतो, आणि हे दोन्ही मिळून एका टायरपेक्षा बरेच स्वस्त पडतात. मात्र कमी हवेत गाडी सावकाश चालवावी, झटक्यात वळवू नये, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. सह्याद्रीतल्या टोकदार खडकात हवा फार उतरवू नये, कारण टायरची भिंत बाहेर फुगते आणि कापली जाते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पूर्ववत भरायलाच हवी.

आता नक्षीबद्दल. मड टायर सगळ्यात दणकट, म्हणून सगळ्यात चांगले, हा समज महाराष्ट्रात विशेष धोक्याचा आहे. मड टायरच्या गुट्ट्या मोठ्या आणि त्यांच्यामधल्या फटी रुंद असतात. सैल चिखलात त्या फटी चिखल पकडतात आणि चाक जोरात फिरले की तो बाहेर फेकतात. ओल्या डांबरावर चित्र उलटे होते. रस्त्याला टेकणारे रबर कमी असते, आणि पाण्याचा पातळ थर कापणाऱ्या बारीक चिरा बऱ्याच मड टायरांत जवळजवळ नसतात. ताम्हिणीत किंवा आंबोलीत जुलैमध्ये ब्रेक दाबल्यावर हा फरक कळतो. वर्षातले बहुतेक किलोमीटर डांबरावर जात असतील तर ऑल-टेरेन टायर घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती हा वेगळाच विषय आहे. ती भिजली की चिकट होते, फटींत भरते आणि सुटतच नाही. थोड्याच अंतरात ऑल-टेरेन टायर गोटा झाल्यासारखा गुळगुळीत होतो. इथे मड टायर खरोखर उपयोगी पडतो, पण तोही चाक वेगाने फिरत राहिले तरच स्वतःला साफ करतो. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात गाडी न घालणे, हे तिथला शेतकरी जे पाळतो तेच कोणत्याही टायरपेक्षा भरवशाचे आहे.

मोठ्या टायरची किंमत इंजिन आणि ब्रेकला मोजावी लागते. चाकाचा घेर वाढला की प्रत्येक गिअर लांब होतो. चढावर एक गिअर खाली यावे लागते आणि लो-रेंजमध्ये रांगण्याची ताकद घटते. ब्रेक तोच राहतो, पण त्याला जास्त व्यासाचे आणि प्रत्येकी काही किलोंनी जड झालेले चाक थांबवायचे असते. २८५/७० बसवल्यावर घेर सात टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे मीटर शंभर किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी सुमारे १०७ चाललेली असते. अ‍ॅव्हरेज काढताना हे जमेस धरा. ते खरेच घटते, मात्र मीटरवरून वाटते तितके नाही.

भाराचा आकडाही पाहायचा राहून जातो. मापानंतर ११२ असे काही लिहिलेले असते, त्याचा अर्थ तो टायर कमाल ११२० किलो पेलतो. हा आकडा मूळच्यापेक्षा कमी असलेला टायर, नक्षी कितीही आवडली तरी, घेऊ नका. माप एलटी या अक्षरांनी सुरू होत असेल तर तेवढेच वजन पेलायला त्या टायरला जास्त हवा लागते. दारावरच्या स्टिकरवरचा दाब त्याला पुरत नाही.

कायद्याचेही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. माप बदलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारा.

माझ्या मते बहुतेकांनी मूळ मापातच चांगला ऑल-टेरेन टायर घ्यावा. ज्यांना उंची खरोखर हवी आहे त्यांनी एकच माप वर जावे, आणि पैसे देण्याआधी एक टायर पुढे लावून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून तो कुठे घासत नाही ना ते पाहावे. स्टेपनी जुन्या मापाची ठेवून चालणार नाही. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचे आणि मागचे धुरे एकत्र जखडले जातात, आणि लहान-मोठी चाके एकत्र फिरली की गिअरपेटीवर ताण येतो. पाचही टायर एकाच मापाचे घेणे परवडत नसेल तर माप वाढवू नका.