दोन जुनी इंजिनं, एक होडी

वाळूजच्या दक्षिणेला जायकवाडीचा नाथसागर. तिथल्या छोट्या मासेमारी होडीसाठी जुनं आउटबोर्ड इंजिन घ्यायचं, आणि समोर दोन आहेत: एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक.

टू-स्ट्रोक हलकं, भाग कमी, दुरुस्ती सोपी. मात्र पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं आणि थोडं इंधन न जळताच पाण्यात जातं. छत्रपती संभाजीनगर हेच पाणी पितं, शिवाय जलाशय पक्षी अभयारण्यही आहे. फोर-स्ट्रोक जड, पण पेट्रोल कमी पितं. बजाजचा कारखाना 1985 पासून असलेल्या वाळूजला हा फरक दुचाकींमुळे ठाऊकच आहे.

खरी परीक्षा वेगळीच.

इंजिन कोकणातून आलं असेल, तर थंडाव्याच्या वाटांत मीठ साचलेलं असू शकतं. चालू इंजिनातून पाण्याची बारीक धार जोरात बाहेर पडते का, ते पाहावं. धार मंद असेल, तर आतला पाणी ढकलणारा रबरी इंपेलर झिजलेला किंवा वाट तुंबलेली असण्याची शक्यता. गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे सीलमधून पाणी शिरलंय. सिलिंडर एकाहून अधिक असतील, तर त्यांचे कॉम्प्रेशनचे आकडे जवळपास सारखे हवेत.

रंगकामाला भुलू नये. तो खर्च विक्रेत्याला सर्वांत स्वस्त पडतो! शाफ्टची लांबी मात्र आधी मोजावी. 20 इंची शाफ्ट मागची फळी 15 इंच उंच असलेल्या होडीला लावला, तर पंखा उगाच खोल जातो आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळात रुततो.