बैलगाडा शर्यतीचे बदललेले नियम आणि शौकिनांची नाराजी

भोंगवली हे भोर तालुक्याच्या पूर्वेकडचे गाव. सारोळ्याला नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो. त्यामुळे इकडच्या बैलगाडा शौकिनाला साताऱ्याकडची छकड्यांची मैदाने जवळ पडतात आणि पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातले घाटही माहीत असतात. यात्रेच्या दिवसांत कुठल्याही पारावर बसा, विषय शर्यतीवर येतो आणि शर्यतीवरून नियमांवर. चाबूक बंद झाला ते बरे की वाईट? हजार मीटरची अट कशासाठी? गावच्या जत्रेतली शर्यत बंद पडून लाखोंच्या बक्षिसांची मैदाने का वाढली? या प्रश्नांवर शौकिनांत सरळ दोन तट आहेत. नेमके काय बदलले, कुणाचा कशाला विरोध आहे आणि त्यात तथ्य किती, हे या लेखात क्रमाने पाहू.

बंदी ते परवानगी

11 जुलै 2011 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली. खेळ किंवा प्रदर्शनासाठी ज्या प्राण्यांना शिकवून वापरता येत नाही, त्यांच्या यादीत तिने बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. बैलाला होणारा छळ हे त्या निकालामागचे मुख्य कारण होते.

2017 मध्ये राज्य विधिमंडळाने 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली आणि राष्ट्रपतींच्या संमतीने ती कायदा झाली. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी परवानग्या रोखल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, असा आक्षेप तिथे मांडला गेला होता. मग राज्य सरकारने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांची समिती नेमून तिचा अहवाल तयार केला.

16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्या कायद्याच्या आणि नियमांच्या चौकटीत शर्यतींना परवानगी दिली. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. दुरुस्तीमुळे खेळाचे जुने रूप पालटले आहे आणि क्रौर्याला आळा बसला आहे, हा त्या निकालाचा आधार होता. नियम काटेकोर पाळले जातील याची जबाबदारी न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली.

शर्यत परत आली ती या अटींच्या जोरावर. अटी मोडल्या तर तिच्या परवानगीचा पायाच जातो. पुढची सगळी चर्चा हे ध्यानात ठेवूनच करायला हवी.

खेळ एक, पद्धती अनेक

राज्याच्या कायद्यात या खेळाची तीन नावे आली आहेत: बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट. शंकरपट विदर्भातला. पुणे जिल्ह्यात पहिल्या दोन पद्धती दिसतात.

खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागांत गाडा घाटात पळतो. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. एका वेळी एकच गाडा सुटतो. चार बैल, पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. सामना घड्याळाशी असतो. अनेक घाटांत बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, बारा-तेरा सेकंदांच्या आसपास संपते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर क्रमांक ठरतो. सर्वांत कमी वेळेचा गाडा ‘घाटाचा राजा’ होतो.

साताऱ्याकडे दोन बैलांचा हलका छकडा असतो. अनेक छकडे आपापल्या चाकोरीतून एकाच वेळी सुटतात. झेंडा पडला की ड्रायव्हर बैल सोडतो. गटात पहिला आलेला छकडा सेमीफायनलला आणि तिथून फायनलला जातो. दात न लावलेल्या कोवळ्या बैलांसाठी ‘आदत’ मैदान वेगळे भरते, आणि दोन मालकांचे बैल एकत्र जुंपण्याच्या पैऱ्याची चर्चा महिनाभर आधी सुरू होते.

पद्धत वेगळी असल्याने एकच नियम प्रत्येक भागाला सारखा लागू पडत नाही. शौकिनांच्या नाराजीतला बराचसा फरक इथून सुरू होतो.

नियम काय सांगतात

2017 च्या नियमांतील महत्त्वाच्या अटी अशा:

- शर्यतीसाठी किमान 15 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आणि 50 हजार रुपयांची अनामत ठेवायची.
- धाव 1000 मीटरपेक्षा जास्त नसावी. रस्ता, महामार्ग, दगडधोंड्यांची किंवा चिखलाची जागा चालत नाही.
- बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी झालेली असावी.
- काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका किंवा बैलाला इजा होईल असे कोणतेही साधन वापरायचे नाही.
- एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पळवायचे नाही आणि धावण्यापूर्वी त्याला विश्रांती द्यायची.
- शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाला सादर करायचे.

नियम मोडल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद कायद्यात आहे.

चाबूक गेला: सर्वांत मोठा वाद

सर्वाधिक वाद याच अटीवर होतात. जुन्या शौकिनांचे म्हणणे असे की, बैलाला इशारा लागतोच. शेतात नांगरताना काठी चालते, मग मैदानात का नको? दुसरी तक्रार अशी की, प्रामाणिक ड्रायव्हर हात मोकळे ठेवतो आणि लपवून साधन वापरणारा पुढे जातो, त्यामुळे नियम पाळणाऱ्याचेच नुकसान होते.

पहिले म्हणणे पटण्यासारखे नाही. बंदीपूर्वी शेपटी पिरगाळणे, ती चावणे, टोकदार खिळा टोचणे, बॅटरीचा झटका देणे हे प्रकार काही मैदानांत होत होते आणि त्यांच्यामुळेच शर्यत न्यायालयात हरली. शेतातली काठी आणि जिंकण्याच्या ईर्षेने मारलेला चाबूक यांत मोठा फरक आहे. शिवाय, जातिवंत खिल्लार बैल सुटण्याच्या जागी उभा राहताच कान टवकारतो, जमीन उकरतो. रोजची चाल, पोहणे, योग्य खुराक आणि मालकाचा आवाज यांवर तो पळतो. मार खाऊन पळणारा बैल दोन हंगामांत बुजतो, हे जाणत्या गाडामालकाला सांगावे लागत नाही.

दुसरी तक्रार मात्र रास्त आहे. लपूनछपून केलेल्या गैरप्रकाराला शिक्षा झाली नाही, तर नियम फक्त सज्जनाला बांधतो. त्यावर उपाय नियम काढण्याचा नाही. सुटण्याच्या जागेवर कॅमेरा हवा आणि दोषी गाडा त्याच मैदानात बाद व्हायला हवा.

हजार मीटरची मर्यादा

ही अट घाटाला जवळजवळ जाणवत नाही, कारण घाटाची धाव तिच्या कितीतरी आत संपते. छकड्याच्या मैदानालाही ती फारशी अडचणीची नाही. खरा फटका बसला तो कोल्हापूर-सांगलीकडच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींना. ठरलेल्या ठिकाणाला वळसा घालून परत येण्याच्या ‘आरत-परत’ शर्यती तिथे रस्त्यावरून कित्येक किलोमीटर चालत. त्या शौकिनांच्या मते वेगाइतकेच महत्त्व दमाला आहे, आणि दम पाहायचा तर अंतर हवे. 2016 मध्ये केंद्राने काढलेल्या अधिसूचनेत ही मर्यादा 2 किलोमीटर होती. ती न्यायालयात अडकली आणि राज्याच्या नियमांत अंतर आणखी कमी झाले.

त्यांचे दुःख खरे आहे, कारण एक जुनी पद्धत यात संपली. पण डांबरी रस्त्यावर खूर घासत, मागे मोटारसायकलींचा ताफा घेऊन धावणाऱ्या बैलाची हालत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या अटीविरुद्ध बोलणे अवघड जाते.

तीन धावांची अट

हिची चर्चा कमी होते, पण छकड्याच्या मैदानासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. गट, सेमीफायनल, फायनल या बरोबर तीन धावा होतात. नोंदणी वाढली म्हणून आयोजकाने मध्ये आणखी एक फेरी घातली, की फायनलचा बैल चौथ्यांदा पळतो आणि नियम मोडतो. म्हणून किती गाड्यांची नोंद घ्यायची हे आधीच ठरवावे लागते. ‘आमची चिठ्ठी का घेतली नाही’ अशी तक्रार करणाऱ्या गाडामालकाने हे गणित समजून घ्यायला हवे. रात्री उशिरा उजेड लावून उरकलेल्या फायनलपेक्षा मोजक्या गाड्यांचे आणि सूर्यास्तापूर्वी संपणारे मैदान बैलासाठी आणि प्रेक्षकांसाठीही चांगले.

लहान जत्रेचे नुकसान

शौकिनांची सर्वांत योग्य तक्रार खर्चाची आहे. अनामत, कागदपत्रे, पशुवैद्यक, कठडे, रुग्णवाहिका, चित्रीकरण हे सगळे एखाद्या वाडीच्या यात्रा कमिटीला झेपत नाही. पूर्वी ग्रामदैवताच्या जत्रेत सकाळी पालखी, दुपारी शर्यत आणि संध्याकाळी कुस्त्या असा क्रम असे. घराघरातून वर्गणी निघे आणि बक्षीस म्हणून ढाल, फेटा किंवा थोडी रक्कम मिळे. आता अशा अनेक ठिकाणी शर्यतीचे नाव निघाले की कमिटी मागे सरते.

कायद्याने शर्यतीला मान्यता दिली ती परंपरा म्हणून. परंपरेने ज्या दिवशी आणि ज्या जिल्ह्यात ती होत आली, तिथे ती व्हावी असे त्याचे शब्द सांगतात. पण नियमांचा भार पेलतो तो पैसेवाला आयोजक, आणि ज्या जत्रेसाठी हा कायदा झाला तीच मागे पडते. ही विसंगती दूर करायला हवी. तालुक्याच्या ठिकाणी एकखिडकी परवानगी, सरकारी पशुवैद्यकाची मोफत तपासणी आणि शेजारच्या गावांचे सामाईक मैदान एवढे झाले तरी बराच फरक पडेल. बैलाच्या रक्षणाची एकही अट त्यासाठी सैल करावी लागणार नाही.

बक्षिसांनी आणलेला बदल

काही बदल कोणत्याही कायद्याने आणलेले नाहीत. मे 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत झालेल्या शर्यतीत जेसीबी आणि बोलेरो अशी बक्षिसे होती. 2023 मध्ये सांगली जिल्ह्यातील भाळवणीच्या ‘रुस्तुम-ए-हिंद’ मैदानात थार गाडी होती आणि ती ‘बकासुर’ व ‘महिब्या’ या जोडीने जिंकली. बकासुरचे नाव त्यानंतर ज्यांनी कधी शर्यत पाहिली नव्हती त्यांच्याही तोंडी आले.

तरुण शौकीन यावर खूश आहेत. त्यांच्या मते खेळाला प्रतिष्ठा आली, खिल्लार वासराला भाव आला आणि ट्रॅक्टरच्या काळात गोठ्यात बैल ठेवायला कारण मिळाले. हे खरे आहे. खिल्लार टिकण्यात शर्यतीचा वाटा मोठा आहे. पण जुन्या माणसांची भीतीही खरी आहे. बक्षीस जेवढे मोठे, तेवढा बैलावर ताण आणि गैरप्रकाराचा मोह जास्त. कोवळा आदत बैल लवकर पळवला जातो. शेतकऱ्याच्या घरचा बैल नामांकित होताच नाकारता न येणाऱ्या किमतीला विकला जातो आणि शेतकरी स्वतः कठड्याबाहेर उभा राहतो.

इतर खेळांतही हेच

स्वरूप बदलले की चाहते चिडतात, हे सगळीकडे घडते. मोटार रॅलीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत 2024 मध्ये गुणपद्धत बदलली. शनिवारपर्यंतच्या क्रमांकाचे गुण वेगळे आणि रविवारचे वेगळे झाले. त्या वर्षी स्वीडनची रॅली एसापेका लाप्पी याने जिंकली, पण त्याला 19 गुण मिळाले आणि दुसऱ्या आलेल्या एल्फिन इव्हान्सला 24. जिंकणाऱ्याला कमी गुण, हे चाहत्यांना पटले नाही. 2025 मध्ये आयोजकांनी पद्धत पुन्हा बदलून विजेत्याला 25 गुण दिले.

त्या चाहत्यांचा आक्षेप नेमका होता आणि त्यांच्याकडे उदाहरण होते. आपल्याकडेही ‘जुने तेच चांगले’ म्हणून भागत नाही. कुठला नियम, कुठल्या पद्धतीला, कसा अडतो हे पुराव्यासह सांगणाऱ्या शौकिनाचे ऐकले जाण्याची शक्यता जास्त.

शौकिनांनी काय करावे

प्रत्येक बदलाला दोन प्रश्न विचारावेत. यामुळे चांगला बैल जिंकतो का? तो धडधाकट घरी जातो का? चाबूकबंदी, तपासणी, तीन धावांची अट या दोन्ही कसोट्यांवर उतरतात, म्हणून त्यांच्याविरुद्धचा राग सोडून द्यावा. लहान जत्रेला न परवडणारी परवानगीची प्रक्रिया आणि बेसुमार बक्षिसे या कसोट्यांवर उतरत नाहीत. आवाज उठवायचा तर त्यांच्याविरुद्ध उठवावा.

भोंगवलीसारख्या गावातून मैदानाला निघणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी पाहावे: आयोजकाकडे परवानगी आहे का, पशुवैद्यक हजर आहे का, कठडे आहेत का. धावपट्टीत उतरू नये. कुणी बैलाला टोचताना, मारताना दिसला तर तो आपल्या गावचा असला तरी पंचांना सांगावे. सात वर्षांहून अधिक काळ बंद राहिलेली शर्यत न्यायालयाने नियमांच्या भरवशावर परत दिली आहे. ती टिकवणे आता सर्वस्वी शौकिनांच्या वागण्यावर आहे.