तंजावरच्या कामाक्षीबाई राणीसाहेब

इसवी सनापूर्वी ४२ साली १,४०० धनिक स्त्रियांवर कर बसविला गेला, तेव्हा हॉर्टेन्सियेने रोमच्या भर चौकात भाषण करून तो बराच हलका करून घेतला. आपल्या तंजावरासही तिची बहीण शोभेल अशी स्त्री होऊन गेली.

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले. कंपनी सरकारने राज्याबरोबर त्यांची खासगी मालमत्ताही जप्त केली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला, आणि तो जिंकलाही! १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरविला. जप्ती हे राजसत्तेचे कृत्य. त्यात न्यायालयास हात घालता येत नाही, असे ठरले. मात्र जप्तीस कायद्याचा आधार दिसत नाही, हे न्यायाधीशांनीही लपविले नाही. १८६२ साली सरकारने ती मालमत्ता राण्यांच्या स्वाधीन केली.