सुरू न होणारी जुनी पेट्रोल करवत
माळशिरस तालुक्यात बांधावरची वठलेली बाभूळ कापण्यास काढलेली जुनी पेट्रोल करवत दोरी ओढूनही सुरू होत नसेल, तर तिला बाद ठरविण्यापूर्वी प्लग काढून शहानिशा करावी; तो ओला असल्यास इंधन अतिरिक्त झाले, आणि कोरडा असल्यास ते सिलिंडरपर्यंत पोचलेच नाही, असे बहुधा समजावे. दुसऱ्या प्रकारात मूळ पुष्कळदा शिळ्या पेट्रोलमध्ये असते, कारण त्यात आज सुमारे 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेले, ह्याच प्रदेशातील उसापासूनही निघणारे इथेनॉल हवेतील आर्द्रता शोषून घेते, आणि कार्ब्युरेटरचा नाजूक रबरी पडदा कालांतराने ताठर होतो. म्हणून टाकी रिकामी करून, गाळणी व पडदा बदलून, निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणात टू-स्ट्रोक तेल मिसळलेले ताजे पेट्रोल भरावे. ह्यापूर्वीच कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवीत बसणे मला सर्वथा गैर वाटते.