घरातील एकच रिमोट : निवड आणि वापर

१ ऑगस्ट १९७५ रोजी भारतात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. ‘साइट’ या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत वर्षभर कार्यक्रम पोहोचविण्यात आले. त्या वेळच्या मध्य प्रदेशातील व आजच्या छत्तीसगडमधील रायपूर परिसरातील खेडी त्यांत होती. गावातील एखाद्या सार्वजनिक जागी एक संच असे आणि तो सांभाळण्यासाठी एक माणूस नेमलेला असे. संच चालू करणे, बंद करणे, आवाज कमीजास्त करणे ही सर्व कामे तोच करी. इतरांनी समोर बसून पाहावे, एवढेच अपेक्षित होते.

आज त्याच प्रदेशातील घराघरांत संच आहे. परंतु तो सांभाळणारा माणूस नेमलेला नाही. घरातील प्रत्येकाला, वृद्धांना आणि मुलांनाही, तो स्वतः चालविता आला पाहिजे. ही अपेक्षा दिसते तितकी साधी नाही. ती का अवघड झाली आणि घरातील सर्व उपकरणांसाठी एकच सोपा रिमोट हवा असल्यास तो कसा निवडावा, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

अहिवाऱ्यातील एक घर

दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या उत्तरेस अहिवारा हे गाव आहे. त्याच्या शेजारी नंदिनी येथे चुनखडीच्या खाणी आहेत. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेथे लोह तयार करताना खनिजातील अशुद्ध द्रव्ये वेगळी काढण्यासाठी चुनखडी लागते. कारखाना व खाणी यांच्यामुळे निरनिराळ्या प्रांतांतील लोक या भागात येऊन स्थायिक झाले. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत.

अशा एका घराची आपण कल्पना करू. घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी आहेत. बाजारात त्या छत्तीसगढी बोलतात, पण घरात मराठी. दुपारी त्यांना दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी पाहावयाची असते. दिवसभरात मराठी ऐकण्याचे त्यांचे तेच मुख्य साधन. मुलगा पाळीवर गेलेला आहे आणि सून शाळेत शिकवावयास गेलेली आहे. टेबलावर तीन रिमोट आहेत : एक संचाचा, एक सेट-टॉप बॉक्सचा आणि एक साउंडबारचा. मध्येच वीज जाते आणि परत येते. सेट-टॉप बॉक्स आपोआप सुरू होतो. संच मात्र लाल ठिपका दाखवीत थांबून राहतो. आजी बटण दाबतात. पडदा उजळतो, पण त्यावर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे दिसतात, कारण संच आता दुसऱ्याच जोडणीवर गेलेला आहे. आणखी दोन-तीन बटणे दाबल्यावर ती अक्षरेही जातात. त्यानंतर संध्याकाळी मुलगा परत येईपर्यंत आजी बंद पडद्यासमोर बसून राहतात. दुसऱ्या दिवशी त्या संचाला हात लावीत नाहीत.

यात कोणतेही उपकरण बिघडलेले नाही. बिघडले आहे ते माणूस आणि उपकरण यांच्यातील संभाषण. ते कसे चालते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

रिमोट बोलतो, पण ऐकत नाही

अमेरिकेतील झेनिथ या कंपनीने १९५० साली संचाला तारेने जोडलेला नियंत्रक विकावयास आणला. १९५५ साली तिचे अभियंता यूजीन पॉली यांनी प्रकाशझोताने चालणारा बिनतारी नियंत्रक तयार केला; परंतु खिडकीतून येणारे ऊन पडले तरी संच त्यालाच आज्ञा समजे. पुढील वर्षी रॉबर्ट अॅडलर यांनी निराळा मार्ग काढला. त्यांच्या नियंत्रकात अॅल्युमिनियमच्या दांड्या होत्या. बटण दाबले की लहानशी हातोडी दांडीवर आपटे आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी निघे. त्याला सेल लागत नसत. यामागील एक कारण मननीय आहे : सेल संपले की गिऱ्हाइकाला संचच बिघडला असे वाटेल, अशी भीती होती. सत्तर वर्षांनंतरही ती भीती खरी आहे. कित्येक घरांत दुरुस्तीवाल्याला बोलावल्यानंतर दोष सेलमध्ये निघतो.

पुढे ध्वनीची जागा अवरक्त किरणांनी घेतली. रिमोटच्या टोकाशी असलेला छोटा एलईडी दिवा बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीचे किरण सोडतो. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. ऊन आणि विजेचे दिवे यांच्यातही अवरक्त किरण असतात. म्हणून रिमोटचा दिवा एका सेकंदात छत्तीस ते अडतीस हजार वेळा लुकलुकतो आणि संचातील ग्राहक तेवढ्याच गतीने लुकलुकणाऱ्या किरणांकडे लक्ष देतो. या लुकलुकीचे लहानमोठे तुकडे पाडून आज्ञा लिहिली जाते. एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीत प्रत्येक आज्ञा बत्तीस द्विमान अंकांची असते. आधी कोणत्या उपकरणासाठी आज्ञा आहे ते, मग आज्ञा कोणती ते. आणि दोन्ही एकदा सरळ व एकदा उलट करून पाठविली जातात, म्हणजे चुकीचे वाचन झाल्यास ग्राहक ती नाकारतो. हे सर्व सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागात उरकते. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत याच कामाला चौदा अंक पुरतात. इतर कंपन्यांच्या पद्धती आणखी निराळ्या आहेत. म्हणूनच एका उपकरणाची भाषा दुसऱ्याला कळत नाही आणि प्रत्येकाबरोबर वेगळा रिमोट येतो.

आपल्याकडे ही अडचण वाढण्याचे आणखी एक कारण आहे. पूर्वी केबलची तार थेट संचाला जोडता येत असे आणि वाहिनी बदलणे संचाच्याच रिमोटने होई. २०१२ पासून महानगरांत सुरू झालेले केबलचे अंकीकरण ३१ मार्च २०१७ च्या मुदतीसह देशभर लागू झाले आणि प्रत्येक केबलजोडणीला सेट-टॉप बॉक्स आवश्यक झाला. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेल्या आणि आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवेलाही तो सहसा लागतो. आवाज एका रिमोटवर आणि वाहिनी दुसऱ्यावर, अशी वाटणी घरोघर झाली ती अशी.

या साऱ्यात एक गोष्ट विसरता कामा नये. अवरक्त रिमोट बोलतो, पण ऐकत नाही. संच चालू आहे की बंद, कोणत्या जोडणीवर आहे, आज्ञा पोहोचली की नाही, यांतील काहीच त्याला कळत नाही. शिवाय बहुतेक रिमोटांवर चालू आणि बंद करण्यासाठी एकच बटण असते. तीन उपकरणे एका बटणाने चालू करण्याची योजना केली आणि त्यांतील एक आधीच चालू असले, तर त्याच बटणाने ते बंद होते. उपकरणांची स्थिती लक्षात ठेवण्याचा भार अशा वेळी माणसावर पडतो. आजींच्या दुपारी नेमके हेच घडले. तेव्हा रिमोटचा सोपेपणा केवळ बटणांच्या संख्येवरून ठरत नाही. पडद्यावर न दिसणाऱ्या किती गोष्टी वापरणाऱ्याने लक्षात ठेवावयाच्या, यावरून तो ठरतो.

विकत घेण्यापूर्वी

नवा रिमोट घेण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. यांतील एकीने काम भागले तर खर्च वाचतो.

पहिली गोष्ट : प्रत्येक रिमोट कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहावे. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोटचे टोक धरून बटण दाबले असता, अवरक्त रिमोट असल्यास पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. काही मोबाइलच्या मागील कॅमेऱ्यात हे किरण अडविले जातात. तेव्हा पुढील कॅमेऱ्याने पाहावे. सेल चांगले असूनही ठिपका दिसला नाही, तर तो रिमोट ब्लूटूथसारख्या रेडिओलहरींवर चालत असण्याचा संभव आहे. इंटरनेटवरील कार्यक्रम दाखविणाऱ्या अनेक काड्यांचे रिमोट असे असतात आणि साध्या अवरक्त रिमोटला त्यांची नक्कल करता येत नाही.

दुसरी गोष्ट : सेट-टॉप बॉक्सचा रिमोट निरखून पाहावा. त्यांतील अनेकांवर संचाची चालू-बंद, आवाज आणि जोडणी बदलण्याची बटणे वेगळ्या चौकटीत दिलेली असतात आणि ती संचाच्या रिमोटकडून शिकविता येतात. ही सोय असूनही पुष्कळ घरांत कोणी वापरलेली नसते. आजींच्या घरी असा रिमोट असेल, तर एवढ्यानेच एक रिमोट कमी होईल.

तिसरी गोष्ट : उपकरणे एचडीएमआय तारेने जोडलेली असल्यास संचाच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’ची सोय शोधावी. कंपन्या तिला आपापली नावे देतात. सॅमसंग ‘अॅनीनेट प्लस’, एलजी ‘सिंपलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’. त्या तारेतील एका स्वतंत्र तंतूवरून उपकरणे एकमेकांशी बोलतात, आणि येथे बोलणे दुहेरी असते. एक उपकरण चालू झाले की संच जागा होऊन योग्य जोडणीवर येतो. संचाच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज बदलतो. लक्षात ठेवण्याचा भार येथे यंत्रे स्वतः उचलतात. तथापि सर्वच सेट-टॉप बॉक्समध्ये ही सोय नसते, आणि निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे कधीकधी एकमेकांशी नीट जुळत नाहीत. तेव्हा प्रत्यक्ष करून पाहणे हाच उपाय.

निवडीच्या कसोट्या

एवढे करूनही दोन-तीन रिमोट उरले, तर सर्वसमावेशक रिमोटचा विचार करावा. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात कंपनीनुसार ठरलेला क्रमांक दाबला की रिमोट त्या उपकरणाची भाषा बोलू लागतो. तो स्वस्त असतो. पण स्थानिक केबलवाल्याच्या बॉक्सचा क्रमांक यादीत नसला तर तो निरुपयोगी ठरतो. दुसरा प्रकार शिकणाऱ्या रिमोटचा. जुना व नवा रिमोट काही सेंटिमीटरांवर समोरासमोर धरून एकेक बटण शिकवावयाचे. यात वेळ जातो, पण यादीची गरज राहत नाही. तिसऱ्या प्रकारात ‘टीव्ही पाहणे’, ‘गाणी ऐकणे’ अशा कामांची बटणे असतात आणि एकेका बटणामागे अनेक आज्ञांची मालिका असते. हा प्रकार सर्वांत सुखकर भासतो. परंतु मालिका मध्येच तुटली तर पुढची वाट कोणालाच सापडत नाही. शिवाय त्याची जुळणी पुष्कळदा कंपनीच्या इंटरनेट-सेवेवर अवलंबून असते. या प्रकारात नावाजलेल्या ‘हार्मनी’ रिमोटचे उत्पादन लॉजिटेक कंपनीने २०२१ साली थांबविले, हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. मोबाइललाच रिमोट करण्याची सोयही वृद्धांना क्वचितच मानवते, कारण प्रत्येक वेळी मोबाइल उघडून योग्य ते पान शोधावे लागते.

आजींच्या घरासाठी शिकणारा आणि मोजक्या, मोठ्या बटणांचा रिमोट बहुधा सर्वांत योग्य ठरेल. घेताना पुढील बाबी पाहाव्यात. एक बटण नेहमी एकच काम करते का? वरचे ‘टीव्ही’ किंवा ‘बॉक्स’ बटण दाबल्यावर खालच्या बटणांचा अर्थ बदलत असेल, तर लक्षात ठेवण्याचे ओझे पुन्हा आलेच. सेल काढल्यावर शिकविलेले टिकते का? दुकानात एक बटण शिकवून, सेल काढून, पाच मिनिटांनी पुन्हा घालून पाहावे. पाचच्या अंकावर किंवा आवाजाच्या बटणावर बोटाला जाणवेल असा उंचवटा आहे का? अक्षरे चष्म्याविना वाचता येतात का? नसल्यास देवनागरीत लिहिलेल्या लहान चिठ्ठ्या चिकटवाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परतीची वाट आहे का? कोठेही चुकले तरी ज्याच्या दाबण्याने संच सेट-टॉप बॉक्सच्या जोडणीवर परत येईल, असे एक बटण हवे. काही संचांना प्रत्येक जोडणीसाठी वेगळी आज्ञा समजते. मूळ रिमोटवर तसे स्वतंत्र बटण असेल, तर तीच आज्ञा नव्या रिमोटला शिकवून त्या बटणावर रंगीत ठिपका लावावा. तशी आज्ञा उपलब्ध नसल्यास संचाला सेट-टॉप बॉक्सखेरीज दुसरे काही जोडूच नये. तेवढ्यानेही पुष्कळ घोटाळे टळतात.

अखेरची परीक्षा घरी घ्यावी, आणि ती घरातील सर्वांत कमी सराव असलेल्या व्यक्तीने द्यावी. संच चालू करणे, आपली वाहिनी लावणे, आवाज वाढविणे, वीज जाऊन आल्यावर चित्र परत आणणे आणि बंद करणे, ही पाच कामे त्यांना एकदा दाखवावीत आणि मग खोलीबाहेर जावे. शेजारी उभे राहून सूचना देत राहिल्यास परीक्षा आपलीच होते, रिमोटची होत नाही. आठवडाभरात आजींना कोणाला हाक मारावी लागली नाही, तर निवड बरोबर ठरली असे समजावे. हाक मारावी लागलीच, तर ती कोणत्या कामासाठी होती ते टिपून ठेवावे आणि त्याप्रमाणे जोडणीत बदल करावा. जुने रिमोट मात्र फेकू नयेत. सेल काढून एका पिशवीत घालून ते कपाटात ठेवावेत. नवा रिमोट पडून फुटला, तर पुढच्या रिमोटला शिकविण्यासाठी तेच लागतील.