तपासणीचा आकडा : प्रत्यक्ष की अनुमान?

समन्वित आरोग्य-तपासणी व स्वास्थ्योपचार या विषयावर वसई येथे झालेल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षण वर्गास आम्ही उपस्थित होतो. त्यातील जे व्यवसायात उपयोगी पडेल, तेवढेच वैद्यबंधूंपुढे मांडीत आहोत.

हातात धातूची कांडी धरावयास देऊन मिनिटभरात सर्व अवयवांचा अहवाल छापणारे एक यंत्रही तेथे दाखविण्यात आले. एकाच सहकाऱ्याची लागोपाठ दोनदा तपासणी केली असता दोन निराळे अहवाल निघाले! त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

खरा लाभ झाला तो एचबीए१सी तपासणीवरील व्याख्यानाने. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, या गृहीतावर हा आकडा उभा आहे. सिकलसेलसारख्या विकारात पेशी लवकर नष्ट होतात, त्यांवर साखर साचण्यास अवधी मिळत नाही व आकडा खोटाच कमी दिसतो. उलट लोहाच्या कमतरतेत तो वाढलेला दिसू शकतो. पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल व पांडुरोग दोन्ही आढळत असल्याने ही बाब आपल्याला दूरची नाही.

व्याख्यान ऐकताना आम्हांस पारोळकडील एका भगिनींची आठवण झाली. जानुसंधिगत वातासाठी त्या आमच्याकडे येत. पायांना मुंग्या येतात, असे त्यांनी सांगितले होते. परंतु एचबीए१सी ५.६ पाहून आम्ही मधुमेहाची शंका सोडली आणि नाडीस्वेद योजला. त्याच अहवालात हिमोग्लोबिन ७.८ होते. ते आम्ही वाचले, पण दोहोंचा संबंध जोडला नाही. परतल्यावर त्यांना बोलावून घेतले. उपाशीपोटी साखर १७२, जेवणानंतर २६१. घरात कोणास सिकलसेल आहे काय, हे प्रथमच विचारले. धाकट्या भावास होते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात मधुमेही अस्वेद्य सांगितला आहे. बधिर पायास वाफेचा दाह कळत नाही, हे आपण सारे जाणतो. पाय भाजला नाही, हे केवळ दैव. स्वेदन थांबवून आम्ही त्यांना पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठविले.

विमानस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान ही रोगज्ञानाची साधने सांगितली आहेत. प्रयोगशाळेचा आकडा छापील असल्याने आपण त्यास प्रत्यक्ष समजून बसतो. वस्तुतः ते अनुमान होय. हेतू दुष्ट असेल तर अनुमानही फसते. मुंग्या येणारे पाय मात्र आमच्यासमोर प्रत्यक्ष होते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठीही एक गोष्ट नमूद करतो. केसांसाठी सर्रास खपणाऱ्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या मात्रेत असते. काही पद्धतींच्या थायरॉईड तपासणीत त्यामुळे टीएसएच खोटे कमी व टी३, टी४ खोटे जास्त येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी सावध केले होते. रक्त देण्यापूर्वी किमान दोन-तीन दिवस, मात्रा फार मोठी असल्यास त्याहून अधिक काळ, अशी गोळी वैद्यांच्या सल्ल्याने बंद ठेवावी, एवढे गल्ल्यावरच सांगितले तरी पुष्कळ.

स्वास्थ्योपचारांच्या सत्रात शिरोधारेचे पात्र किती उंचीवर टांगावे याची चर्चा तासभर चालली. रुग्ण स्वेद्य की अस्वेद्य, हा प्रश्न कोणी काढला नाही. आम्हीही नाही.